साक्षीदार संरक्षण (कोकण किनारपट्टी)

फौजदारी खटल्यात साक्ष देणाऱ्याला, त्याच्या कुटुंबाला किंवा मालमत्तेला धमकी, दबाव व इजा यांपासून मिळणारे कायदेशीर संरक्षण. आरोपीचा न्याय्य खटल्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१मधून निघतो. निर्भयपणे साक्ष देण्याचा हक्कही त्यातूनच निघतो, असे सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणी (५ डिसेंबर २०१८) मानले.

'साक्षी' म्हणजे 'स + अक्षि', डोळ्यांसह असणारा, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. पाणिनी मात्र 'साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्' (५.२.९१) या सूत्राने हा शब्द 'साक्षात्'वरून साधतो आणि तीच व्युत्पत्ती अधिक ग्राह्य दिसते. 'ग्वाही' फारसीतून आला. उलटलेल्या साक्षीदारास 'फितूर' म्हणतात. कायद्यात तशी संज्ञा नाही, तेथे पक्षकाराला स्वतःच्याच साक्षीदारास उलटतपासणीत शोभतील असे प्रश्न विचारण्याची मुभा तेवढी आहे.

साक्षीदाराला हलवण्याऐवजी धाक घालणाऱ्यालाच हद्दीबाहेर काढणे, हा या भागातील जुना उपाय होय. 'तड' म्हणजे नदीचा वा खाडीचा काठ. त्यावरून काठापलीकडे घालवलेला तो 'तडीपार', असा अर्थ सामान्यतः लावला जातो. रायगड व रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमेवर बाणकोटची खाडी असल्याने येथे तो शब्दशः खरा ठरू शकतो. मुंबई शहराच्या १९०२च्या पोलीस कायद्यातील हद्दपारीची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने गुरबचनसिंग प्रकरणी १९५२ साली वैध ठरवली. भीतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत अशा अपवादात्मक परिस्थितीसाठी ती आहे, हे त्यामागचे मुख्य कारण होते. १९५१च्या पोलीस कायद्याच्या कलम ५६मध्ये हीच अट आहे. मुदत कलम ५८नुसार दोन वर्षांपेक्षा अधिक नसते. कलम ५९खाली संबंधिताला आरोपांचे फक्त सर्वसाधारण स्वरूप कळवायचे असते, साक्षीदारांची नावे नव्हेत. ही कारवाई खटला नव्हे, म्हणून हे चालते असा युक्तिवाद केला जातो. तो पूर्ण समाधानकारक म्हणता येत नाही, कारण घरदार व रोजगार सोडावा लागणे ही गोष्ट शिक्षेच्या बरीच जवळ जाते.

प्रत्यक्ष खटल्यात नावे कोठवर झाकता येतील, हा प्रश्न टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम १६मुळे पुढे आला. (१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरवली गेली होती, तो खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात याच कायद्याखाली चालला.) करतारसिंग प्रकरणी (१९९४) न्यायालयाने कलम वैध मानले, परंतु सबळ कारण नसल्यास खटला सुरू होण्यापूर्वी नावे व पत्ते आरोपीला कळावेत, असेही सांगितले. साक्षीदार कोण हे ठाऊक नसता त्याचे पूर्ववैर वा हितसंबंध उलटतपासणीत उघड करणे कठीण असल्याने, पूर्ण अनामिकता हा शेवटचा उपाय मानणारे मत अधिक सयुक्तिक वाटते.

महाराष्ट्राने साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र अधिनियम (२०१७) केला. २०१८च्या केंद्रीय योजनेत धोक्याचे अ, ब, क असे तीन वर्ग आहेत. अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो, पोलीस उपविभागाचा अधिकारी धोक्याचा अहवाल देतो आणि संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरते असते. बंदोबस्त, दूरध्वनी क्रमांक बदलणे, स्थलांतर, क्वचित नवी ओळख, असे उपाय तीत येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ने प्रत्येक राज्याला अशी योजना अधिसूचित करणे बंधनकारक केले आहे (१ जुलै २०२४पासून).

कोकणात वाडी लहान आणि भावकी मोठी. साक्षीदार व आरोपी पुष्कळदा एकाच पाणंदीने ये-जा करतात, त्यामुळे कागदावर नाव झाकून फारसे साधत नाही. स्थलांतर म्हणजे कलमी आंब्यांची बाग किंवा मासेमारीचा हंगाम सोडणे. साक्षीदार मुंबईत राहणारा चाकरमानी असेल, तर चित्रसंवादाद्वारे (व्हिडिओ कॉन्फरन्सिंग) साक्ष हा सोयीचा मार्ग आहे. प्रफुल्ल देसाई प्रकरणी (२००३) सर्वोच्च न्यायालयाने अशी साक्ष आरोपीच्या 'उपस्थितीत' झाल्याचे मानले.