आधी धातू ओळखा, मग इंजिन धुवा

ऊस गाळपाचा हंगाम संपला की सोलापूर जिल्ह्यातल्या गॅरेजांत ट्रॅक्टर ओव्हरहॉलिंगला येऊ लागतात. पावसाआधी ते शेतात परत हवे असतात, आणि या घाईत पहिली काटछाट होते ती धुण्याच्या कामात. नवे लायनर (पिस्टन ज्यात वरखाली सरकतो त्या नळ्या), पिस्टनच्या नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घालूनही इंजिन काही महिन्यांत तेल जाळू लागलं, तर पहिला संशय आत राहून गेलेल्या घाणीवर घ्यावा.

ही घाण तीन प्रकारची असते: तेलाचा चिकट गाळ, जळून घट्ट बसलेली काजळी आणि पाण्याचे क्षार. तिघींचं रसायन वेगळं, म्हणून एकाच डब्यात सगळं बुडवून चालत नाही.

धुण्याआधी गाळ नीट पाहा. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाचा गाळ बोटांवर घेऊन उन्हात धरा. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून खालचा तांबेमिश्रित थर उघडा पडला आहे, असं समजावं. तेल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी शिरलं आहे. हा पुरावा एकदा धुतला की गेला. कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगच्या कॅपा आपापल्या जागीच परत बसल्या पाहिजेत, म्हणून त्यांना तारेने पत्र्याचे बिल्ले बांधा. खडूची किंवा रंगाची खूण धुण्यात टिकत नाही.

ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) यांना गरम कॉस्टिक सोडा चालतो: २० लिटर पाण्याला सुमारे १ किलो, तापमान ७० ते ८० अंश सेल्सिअस. सोडा थंड पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही; एकदम उष्णता निर्माण होऊन ते उसळतं. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. कॉस्टिकने खनिज तेलाचा साबण होत नाही. मात्र तेल जुनं होऊन त्यात जी आम्लं तयार होतात त्यांचा होतो, आणि त्यामुळेच चिकटलेला थर सुटतो.

हाच सोडा अॅल्युमिनियमला खातो. अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक थर आधी विरघळतो, मग धातू विरघळू लागतो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू बाहेर पडतो. पिस्टन कॉस्टिकमध्ये टाकला की बुडबुडे येतात, ते घाण निघत असल्याचे नव्हेत, पिस्टन झिजत असल्याचे. कॅमशाफ्टचे (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याचे) बुशही आधी काढून घ्या, कारण त्यांच्या आतला मऊ धातूही कॉस्टिकसमोर टिकत नाही. ट्रॅक्टरमध्ये पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा. माझदाच्या रोटरी इंजिनात याच्या बरोबर उलट, रोटर बिडाचा आणि त्याभोवतीचं घर अॅल्युमिनियमचं. म्हणून भागाचं नाव ऐकून नव्हे, धातू पाहून ठरवावं.

पिस्टन डिझेलमध्ये रात्रभर भिजत ठेवा. रिंगांच्या खाचांतली काजळी लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकच्या काडीने काढा. जुनी रिंग मोडून तिने खाच खरवडायची सवय सर्रास दिसते. तिने खाचेच्या कडा खरवडल्या गेल्या तर नवी रिंग खुळखुळते.

डिझेल आणि केरोसीन वापरताना मे महिना ध्यानात ठेवा. भारतीय मानकानुसार दोन्हींचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्यांची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश हवं, म्हणजे काहींचा त्याच्या जरा वरच असू शकतो. सोलापुरात दुपारी पारा ४० च्या वर जातो. त्या उन्हात उघड्या परातीवर पेट घेण्याइतकी वाफ जमू शकते. हे काम सकाळी, सावलीत करा. वेल्डिंग आणि विडी दूर ठेवा. भिजलेल्या भागावर कॉम्प्रेसरची हवाही मारू नका, तिने उडणारं धुकं आणखी सहज पेटतं.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. रेडिएटरमध्ये तेच भरलं की लायनरच्या बाहेरच्या बाजूला पांढरट पापुद्रा चढतो. बिडाच्या तुलनेत तो उष्णता फारच कमी वाहतो, म्हणून इंजिन तापतं. लायनर बसतो त्या कडेवर खडा राहिला तर लायनर तिरका बसतो, ओ-रिंग दाबली जात नाही आणि पाणी चेंबरमध्ये उतरतं. १० लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व घाला. बुडबुडे थांबले की भाग बाहेर काढा, कारण पुढे आम्ल बिडालाच लागतं. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. व्हॉल्वच्या स्प्रिंगा मात्र कुठल्याही आम्लात घालू नका. आम्लातून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे ब्लॉकमधल्या आणि क्रँकमधल्या तेलवाटा. दोन्ही टोकांचे प्लग काढा, आरपार लांब ब्रश फिरवा, साबणाचं गरम पाणी सोडा. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. पॉलिश पेपरचा एक कण तिथे पोचला तर मऊ धातूत रुतून बसतो आणि क्रँक कोरत राहतो. म्हणून गॅस्केटच्या कडा पॉलिश पेपरने घासण्यापेक्षा बोथट पट्टीने खरवडाव्यात.

होनिंगनंतर, म्हणजे लायनर आतून घासून बारीक ओरखडे पाडल्यावर, तो डिझेलने पुसणं पुरेसं नाही. डिझेल तेल काढतं, पण बारीक भुकटी ओरखड्यांतच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा. लगेच कोरडं करून पांढऱ्या सुती कापडाला इंजिन ऑइल लावा आणि आतून फिरवा. कापड करडं झालं तर पुन्हा धुवा, कितीही वेळा झालं तरी. उघडं बीड काही मिनिटांत गंजतं, म्हणून शेवटी तेलाचा पातळ हात देऊन प्लॅस्टिकखाली झाका आणि बांधायच्या वेळेलाच उघडा.