पाटणचेरूच्या बादलीत सिप्रोची गोळी

हैदराबादजवळच्या पाटणचेरूत नव्वदेक औषध कारखान्यांचं सांडपाणी टँकरने एका सामाईक प्रक्रिया केंद्रात यायचं. तिथून बाहेर पडणारं पाणी स्वीडनच्या योकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तपासलं, निष्कर्ष २००७ साली छापले. हे प्रक्रिया झालेलं पाणी होतं बरं का! त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन, म्हणजे सिप्रो हे जिवाणू मारणारं अँटिबायोटिक सापडलं, लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. डॉक्टर देतात ती गोळी ५०० मिलिग्रॅमची. म्हणजे सोळा लिटरच्या बादलीमागे एक गोळी.

पाणी पुढे इसकावागू आणि नक्कावागू या ओढ्यांतून मांजरेत जायचं. हीच ती बीडच्या बालाघाटात उगम पावणारी मांजरा. लातूरकर वरच्या अंगाला, त्यांना या पाण्याचा उपद्रव नाही. पण निजामसागर ओलांडून नदी पुन्हा नांदेडच्या सीमेला येते आणि गोदावरीला मिळते.

हैदराबादेत औषधनिर्मिती रुजली ती १९६० च्या दशकात, सरकारी आयडीपीएल कारखान्यामुळे. १९७० च्या पेटंट कायद्याने खासगी उत्पादनाला वाट मोकळी करून दिली आणि बल्क ड्रगचे, म्हणजे गोळ्यांत पडणारं मूळ औषध बनवणारे कारखाने वाढत गेले. प्रदूषणाची तक्रार १९९० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. सामाईक केंद्र उभं राहिलं ते त्यानंतर.

केंद्रावर मोजमाप व्हायचं ते बीओडी, सीओडी (पाण्यात घाण किती, ते सांगणारे आकडे) आणि क्षार यांचं. अँटिबायोटिक किती, हा रकानाच नव्हता. शिवाय प्रक्रिया जैविक, म्हणजे घाण खाणाऱ्या जिवाणूंच्या जिवावर चालणारी. मँचेस्टरमध्ये १९१४ साली निघालेली ही पद्धत घरगुती मैल्यासाठी उत्तम. इथे मात्र येणाऱ्या पाण्यात जिवाणू मारायलाच बनवलेलं औषध. सिप्रो तुटतही नाही फारसं, बरंचसं गाळाला चिकटून बसतं. त्यात जिवाणूंना खाद्य मिळावं म्हणून केंद्रात माणसांचा मैला मिसळायचे. आतड्यातले जंतू आणि औषध महिनोन्‌महिने एकाच टाकीत! औषधाला दाद न देणारे जंतू निवडून काढायला याहून सोयीची जागा प्रयोगशाळेतही मिळणार नाही.

उपाय नाहीत असं नाही. सक्रिय कोळसा औषधाचे रेणू धरून ठेवतो, ओझोन ते फोडतो. स्वित्झर्लंडमध्ये ड्युबेनडॉर्फच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात २०१४ पासून ओझोन वापरतात. पण तिथल्या पाण्यात औषध मायक्रोग्रॅममध्ये. कारखान्याच्या दाट पाण्यात ओझोन आधी इतर सेंद्रिय द्रव्यांवरच खर्ची पडतो. म्हणून औषधाचं पाणी इतर पाण्यात मिसळायच्या आधी, कारखान्याच्या आवारातच वेगळं काढलेलं बरं. पाणी उकळून आटवलं तर नदीत काही जात नाही, पण तळाशी उरलेल्या खरकट्याची विल्हेवाट लावावीच लागते.

केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नियमांचा मसुदा काढला. अँटिबायोटिकच्या अंशांवर औषधागणिक मर्यादा त्यात होत्या. ऑगस्ट २०२१ ची अंतिम अधिसूचना आली, तेव्हा त्या गळाल्या होत्या.