बांधकाम कामगार नोंदणी: 90 दिवसांचा दाखला नेमका कुठे अडतो

"युनियनची पावती आहे ना माझ्याकडे, मग कार्ड का नाही आलं?" आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, म्हणून आधी तो मिटवू. युनियनची सभासद पावती वेगळी आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं ओळखपत्र वेगळं. पावती आम्ही युनियनवाले फाडतो, ओळखपत्र मंडळ देतं. आणि कार्ड निघालं की काम लागेल, अशी आशा धरून येणाऱ्यांना वाईट वाटलं तरी सांगावं लागतं: मंडळ काम देत नाही. काम मिळवायची खटपट युनियनची. ठेकेदाराला सभासदांची यादी नेऊन द्यायची, नवीन साईट उघडली की मजूर नाक्यावरच्या माणसांना आधी घ्या म्हणून हुज्जत घालायची. पण या खटपटीचा आणि कार्डाचा एक धागा आहे, तो म्हणजे 90 दिवस काम केल्याचा दाखला, आणि बहुतेकांचा अर्ज तिथेच तुटतो.

पात्रता दोन ओळींची आहे. वयाची 18 वर्षं पूर्ण आणि 60 अपूर्ण, शिवाय मागच्या 12 महिन्यांत बांधकामावर किमान 90 दिवस काम. 1996 चा बांधकाम कामगार कायदा हेच म्हणत होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी या दोन अटी जशाच्या तशा राहिल्या. गवंडी आणि बिगारीच नव्हे, तर सेंट्रिंगवाला, सळई बांधणारा, फरशीवाला, रंगारी, प्लंबर, वायरमन, सुतार हे सगळे यात येतात. "मी तर नुसता रंग मारतो" असं म्हणून मागे फिरू नका.

आधार, रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, पासबुकाची झेरॉक्स, फोटो एवढे कागद लागतात. मंडळाच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा, कागद चढवायचे आणि मिळालेल्या तारखेला मूळ कागद घेऊन सुविधा केंद्रात जायचं. इथवर फारसं कुणी अडत नाही.

आता तो दाखला. मागच्या वर्षी एक बाई आल्या. बारा वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलेल्या. हातात ठेकेदाराचा दाखला, शिक्का व्यवस्थित, जावक क्रमांकसुद्धा होता. तरी अर्ज परत. कागद उजेडात धरून वाचला तर मजकूर असा: 1 फेब्रुवारी ते 31 एप्रिल. एप्रिलला 31 तारीख कधीपासून आली? मग ठेकेदाराच्या मुन्शीचं, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्याचं, गणित लक्षात आलं. 28 अधिक 31 अधिक 30 म्हणजे 89. त्याला एक दिवस कमी पडत होता, तो त्याने एप्रिलला चिकटवला. त्या बाईंनी त्या साईटवर मे महिन्यातही अकरा दिवस काम केलं होतं. खरी तारीख लिहिली असती तर आकडा आपोआप शंभरावर गेला असता. पण विचारतो कोण.

म्हणून पहिली गोष्ट: तीन महिने म्हणजे 90 दिवस असं धरून चालू नका, फेब्रुवारी मध्ये आला तर एखादा दिवस कमी पडू शकतो. रविवार धरायचे की सोडायचे, खाडे वजा करायचे की नाही, यावर खिडकीपाशी वाद होतो. तुमचे दिवस खरोखर जास्त भरले असतील तर 90 वर थांबू नका, 110 झाले असतील तर 110 लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, 90 दिवस सलग लागत नाहीत आणि एकाच ठेकेदाराकडचेही लागत नाहीत. चार साईटचे मिळून झाले तरी चालतात. मात्र तारखा एकमेकींवर चढता कामा नयेत. एकाने 1 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर लिहिलं आणि दुसऱ्याने 1 डिसेंबर ते 15 जानेवारी, की बेरीज दिसते 91, पण खरे दिवस भरतात 76. बारीक नजरेच्या माणसाने धरलं तर अर्ज खोटा ठरायची भीती, आणि चूक तुमची नसते, अंदाजाने तारीख टाकणाऱ्याची असते.

तिसरी चूक वर्षाची. "मागील 12 महिने" म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नाही आणि मार्चअखेरही नाही. 10 जूनला अर्ज केला तर आदल्या वर्षीच्या 10 जूनपासूनचे दिवस मोजतात. पावसाळ्यात कामं बसतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दिवाळी ते मे भरपूर काम केलेला माणूस कागद घरी ठेवतो, गावी जातो आणि पुढच्या वर्षी तोच दाखला घेऊन येतो. तोवर त्यातले निम्मे दिवस बाद झालेले असतात. दाखला हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज करा.

दाखला द्यायचा कुणी? मालक किंवा ठेकेदाराने, त्याच्या नोंदणी क्रमांकासह. ते जमत नसेल तर गावात ग्रामसेवकाने, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, आणि शहरात पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याने. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात नाक्यावरून माणूस नेणाऱ्या मुकादमाकडे कसला नोंदणी क्रमांक? तो स्वतःच कुणाच्या तरी हाताखाली काम घेतो. मोठा ठेकेदार म्हणतो, "ही माझी माणसं नाहीत, मुकादमाची आहेत." ग्रामपंचायतीत विचारतात, "तुम्ही शहरात काम केलं, ते मी कसं सांगू?" तेही चूक म्हणत नाहीत. खोट्या दाखल्यांचा इतका सुळसुळाट झाला की सही करणारा प्रत्येक जण हात आखडतो, आणि भोगतो तो खरा कामगार. ज्या माणसाला रोज वेगळ्या दारात काम शोधावं लागतं, त्याच्याकडेच कायम नोकरीवाल्यासारखा कागद मागायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

मूळ कायदा करणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं असंही नाही. 1996 च्या कायद्यात मालकाने कामगाराच्या ओळखपत्रावर कामाची नोंद करून, सही करून ते परत द्यावं असं लिहिलेलं होतं. अशी नोंद केलेलं कार्ड मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

यावर आम्ही जे करतो ते सांगतो, पटलं तर तुमच्या नाक्यावर करून बघा. ठेकेदाराला माणसं देतानाच युनियन ठरवून घेते: ज्या दिवशी मजुरीचा हिशेब, त्याच दिवशी कामाच्या दिवसांची चिठ्ठी. ती अर्ध्या पानाची, छापील असते. नाव, साईटचा पत्ता, कधीपासून कधीपर्यंत, किती हजेऱ्या, ठेकेदाराचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. ही चिठ्ठी म्हणजे मंडळाचा दाखला नव्हे. पण नंतर ठराविक नमुन्यातला दाखला लिहून घेताना तारखांवरून भांडण होत नाही. हिशेब मिटून आठ दिवस गेले की मुन्शी फोन उचलत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. काम मागायला जाताना जोर असतो, कारण तेव्हा गरज ठेकेदाराला असते. त्याच वेळी कागदाचं बोलून ठेवायचं.

"सही केली तर उद्या माझ्यावर उपकर लागेल," असं ठेकेदार म्हणतो. त्याला शांतपणे सांगा की उपकर, म्हणजे कामगार कल्याणासाठी घेतला जाणारा कर, बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का लागतो, तुमच्या दाखल्यावर नाही. त्याने सही केली किंवा नाही केली, त्या रकमेत फरक पडत नाही.

दाखला विकत देणारे नाक्यावरच फिरतात. ज्या साईटवर तुम्ही कधी पाय ठेवला नाही तिचा कागद घेऊ नका. चौकशी झाली तर दलाल सापडत नाही, तुमचं आधार मात्र सापडतं. नोंदणीचं शुल्क नाममात्र आहे, हजारांत पैसे मागणारा मंडळाचा माणूस नसतो.

अर्जात मोबाईल नंबर स्वतःचा टाका. केंद्रवाला घाईत आपला टाकतो, मग "त्रुटी पूर्ण करा" हा संदेश त्याच्याकडे जातो आणि तुम्ही सहा महिने वाट बघत बसता. आधार आणि पासबुक यांवरचं नाव एकच आहे का, तेही आधी बघा. एकीकडे वडिलांचं आणि दुसरीकडे नवऱ्याचं नाव, हा बायकांच्या अर्जात नेहमीचा घोळ.

अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. 1996 च्या कायद्यात अर्जदाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय अर्ज नाकारायचा नाही असं स्पष्ट होतं, आणि 30 दिवसांत मंडळाच्या सचिवांकडे अपिलाची सोय होती. खिडकीवर तोंडी "नाही होणार" ऐकून घरी जाऊ नका.

कार्ड मिळालं की लोक ते कपाटात ठेवतात. त्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं आणि तेव्हा 90 दिवसांचा दाखला पुन्हा नवा लागतो. कामावर मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख मिळण्याची योजना आहे, पण त्यासाठी नोंदणी त्या दिवशी चालू असावी लागते. म्हणून चिठ्ठ्यांची पिशवी टाकून देऊ नका. ती दर हिशेबाला भरत राहायची असते.

शेवटचं, बोटांचं. सिमेंटने ठसे झिजतात आणि पडताळणीच्या मशीनवर बोट उमटत नाही. दिलेल्या तारखेच्या आधी दोन-तीन दिवस जमलं तर सिमेंटच्या मालात हात घालू नका, रात्री तेल चोळा आणि अंगठा चालला नाही तर बाकीची बोटं लावून बघायला सांगा. रोज बुडवून आलेला माणूस ठशापायी परत जाताना फार वेळा पाहिला आहे.