चिलगोज्याची वने

चिलगोजा (शास्त्रीय नाव : पायनस जेरार्डियाना) हा वायव्य हिमालयात व त्याच्या पश्चिमेच्या कोरड्या पर्वतरांगांत, साधारण १,८०० ते ३,३५० मी. उंचीवर वाढणारा पाइन वृक्ष. भारतात त्याची वने मुख्यतः हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात आणि चंबा जिल्ह्याच्या पांगी भागात आहेत. किन्नौरमध्ये त्याला न्योजा असेही म्हणतात.

सतलजच्या खोऱ्यातून वर चढू लागले की पाऊस मागे राहतो. मोसमी ढग हिमालयाच्या बाहेरच्या रांगांवरच रिते होतात. आतल्या उतारांच्या वाट्याला येते ते मुख्यतः पश्चिमी झंझावातांनी हिवाळ्यात आणलेले बर्फ. ते वितळून खडकांच्या भेगांत मुरते आणि त्या ओलीवर झाडाला उन्हाळा काढावा लागतो. त्यामुळे वाढ फार संथ, झाडे विरळ आणि मधली जमीन बरीचशी उघडी, आर्टेमिसियासारखी झुडपे तेवढी तग धरून असलेली. ओल जरा जास्त टिकली की तिथे देवदार दिसू लागतो. चिलगोज्याच्या ताठ सुया तिनाच्या जुडग्याने येतात. सालीच्या पातळ खपल्या गळून खोडावर करडे-हिरवट चट्टे उमटतात. जुन्या झाडाचे असे खोड एकदा पाहिले की विसरता येत नाही.

या वनाचे सारे भवितव्य बियांवर अवलंबून आहे. बहुतेक पाइनच्या बिया पंखांमुळे वाऱ्यावर दूर जातात. चिलगोज्याचे सुमारे २ सेंमी. लांबीचे बी मात्र जड असते आणि त्याचा पंख नावापुरताच. ते झाडाखालीच पडते. कावळ्याच्या कुळातले नटक्रॅकर पक्षी या बिया खातात. हिवाळ्याच्या बेगमीसाठी बिया पुरून ठेवण्याची त्यांची सवय अशा झाडांच्या प्रसाराला उपयोगी पडते.

माणसाला हेच बी सुकामेवा म्हणून हवे असते. या बिया ज्यात भरतात ते शंकू (पाइनची खवलेदार फळे) पिकायला दुसरे वर्ष उजाडते, आणि ते उघडण्याआधीच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, काढले जातात; बऱ्याचदा फांद्याही तुटतात. गावांना यातून मोठे उत्पन्न मिळते, त्यामुळे नुसती बंदी घालणे अन्यायाचे ठरेल. पण मागे उरलेल्या बियांतून उगवलेली रोपे शेळ्यामेंढ्या खातात. परिणामी अनेक उतारांवर जुनी झाडे उभी आहेत आणि त्यांच्याखाली रोप शोधावे लागते. काही शंकू झाडावर राखणे आणि पाळीपाळीने चराई बंद ठेवणे हे उपाय त्यासाठीच सुचवले जातात.

मे २०२२ मध्ये पाकिस्तानातील सुलेमान पर्वतरांगेतले चिलगोज्याचे मोठे वन आगीत होरपळले. तिथेही उतार तितकाच कोरडा आणि वाढ तितकीच संथ.