पेपर तपासणाऱ्यांवरचा संशय किती जुना?

दहावीचा निकाल लागला की रिचेकिंगचे अर्ज आणि "नीट तपासलंच नाही" ही कुरकुर दोन्ही सुरू होतात. पण हा संशय आपल्या बोर्डापेक्षा बराच जुना आहे. १८९० च्या आसपास इंग्लंडमधल्या एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने आकडेच पुढे ठेवले, लॅटिनचा एकच पेपर २८ जाणत्या परीक्षकांनी तपासला आणि मार्क पडले ४५ पासून थेट १०० पर्यंत!

मग लोक म्हणाले, भाषेत असं होणारच, गणितात नाही होणार. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियटनी भूमितीचा एक पेपर शंभरावर शिक्षकांना दिला, तर २८ पासून नव्वदीपार. कुणी टापटीप नाही म्हणूनसुद्धा मार्क कापलेले.

मला सगळ्यात भारी वाटतो तो १९३५ चा हार्टॉग आणि ऱ्होड्स यांचा प्रयोग. हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आपल्याकडच्या शिक्षणावरच्या १९२९ च्या हार्टॉग समितीवाले. इतिहासाचे १५ पेपर १४ परीक्षकांनी तपासले, वर्ष-दीड वर्षाने त्याच माणसांना तेच पेपर परत दिले, तर २१० पैकी ९२ वेळा नापास, पास की क्रेडिट हा शेराच बदलला. म्हणजे दुसऱ्याशी सोडा, माणूस स्वतःशीच जुळत नाही.

अशा संशयावर उपाय म्हणून एमसीक्यू, म्हणजे पर्यायांतून उत्तर निवडायचे प्रश्न, आले. मार्क कोणीही दिले तरी तेवढेच, म्हणजे विश्वसनीयता मिळाली, पण निबंध लिहिता येतो का हे गोल काळा करून कसं कळणार, हा वैधतेचा, म्हणजे जे मोजायचं तेच मोजतोय का याचा, प्रश्न तसाच पडून राहिला. क्रॉनबॅक आणि मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये या वैधतेची नीट मांडणी केली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ब्लूम भारतात येऊन परीक्षा सुधारणेवर बोलून गेले. बीएडच्या नोट्समध्ये हे सगळं दोन व्याख्यांत आटपतं, असो.

आपल्याकडे याचा खरा तमाशा २०१९ ला दिसला. भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० मार्क काढले आणि राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता हे मान्य, पण मार्क परत आल्यावर २०२० ला तो ९५.३० (तेव्हा भूगोलाचा पेपर कोरोनामुळे रद्द होता, तेही धरा). आता भाषेत बोलणं तपासायलाच हवं, त्यामुळे तोंडी काढली की वैधता जाते, आणि शाळेने सरसकट वीसपैकी अठरा-एकोणीस दिले की विश्वसनीयता जाते.