निखाऱ्यावरचा ऊद आणि काडीवरची उदबत्ती

सातारा-सांगलीकडच्या घरांत गणेशचतुर्थीच्या पूजेत धूप दाखवताना भटजी ‘वनस्पतिरसोद्भूतः’ या शब्दाने सुरू होणारा श्लोक म्हणतात आणि यजमान उदबत्ती ओवाळतो. श्लोकात झाडाच्या रसापासून झालेला धूप, म्हणजे उघडच झाडाचा डिंक अभिप्रेत आहे. हातातली उदबत्ती मात्र बहुधा कोळशाची पूड, चिकट सालीचे पीठ आणि सुगंधी तेल यांची असते. श्लोक आणि वस्तू यांच्यातले हे अंतर घरातला निखारा जात गेला तसे वाढत गेले.

ऊद, गुग्गुळ, राळ किंवा सालईचा डिंक ज्योतीवर धरला तर तो भडकतो आणि काळा, उग्र धूर सोडतो. राखेची पातळ साय धरलेल्या निखाऱ्यावर चिमूटभर टाकला तर तो आधी वितळतो, फसफसतो आणि मग पांढऱ्या धुराबरोबर त्यातला सुगंध मोकळा होतो. चंदनाच्या किंवा अगरूच्या ढलप्यांनाही अशीच मंद आच लागते. त्यामुळे चूल पेटती असेपर्यंत धुपासाठी वेगळा खटाटोप नव्हता. चिमट्याने दोन-तीन निखारे उचलून धुपाटण्यात ठेवले, फुंकर घालून वरची राख उडवली की झाले. जुने धुपाटणे डमरूसारखे, दोन्ही टोकांना वाटी आणि मध्ये धरायला मूठ असे असे. हा आकार डोळ्यांपुढे असल्याखेरीज ‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ या म्हणीतली गंमत कळत नाही: एका वाटीत तेल घेऊन तुपासाठी धुपाटणे उलटे करणारा आणि तेल दाखवण्यासाठी पुन्हा सुलटे करणारा तो शहाणा आजच्या मुलांना समजावून सांगावा लागतो.

धुपाचे शास्त्र जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात ठेवण्याच्या मौल्यवान वस्तूंमध्ये चंदन आणि अगरू यांचे प्रकार रंग-गंधासह नोंदवले आहेत, तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर ‘गंधयुक्ती’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या भागाला अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा, सुमारे ११२९ सालचा मानसोल्लास. (याच्या वडिलांचा, सहाव्या विक्रमादित्याचा, कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी झालेला विवाह बिल्हणाने वर्णिला आहे.) राजाच्या उपभोगांत त्याने धूपभोगालाही स्थान दिले असून चूर्णाचा, गोळीचा आणि वर्तीचा, म्हणजे वळलेल्या वातीचा, असा धूप त्यात येतो. बत्ती हा शब्द याच वर्तीपासून आलेला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या विषयाचा कसून पाठपुरावा केला. त्यांनी उजेडात आणलेल्या ‘गंधवाद’ या संस्कृत ग्रंथावर तर मराठी टीका आहे.

‘उदबत्ती’ या शब्दाचा पहिला अर्धा भाग मात्र अरबी आहे. अरबीत ‘ऊद’ म्हणजे लाकूड, त्यातही अगरूचे. मराठीने तो शब्द सुमात्रा बेटाकडून येणाऱ्या एका डिंकाला लावला. अरब व्यापारी त्या डिंकाला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान म्हणत. खरे तर धुपाच्या ताटलीतले बहुतेक जिन्नस दूरचे: गुग्गुळ राजस्थान-कच्छचा, सालईचा डिंक सातपुड्याचा, चंदन म्हैसूरकडचे आणि अगरू आसामचे. अगरूच्या झाडाला जखम होऊन बुरशी शिरल्यावरच त्याच्या गाभ्यात सुगंधी राळ साठते. निरोगी झाडाच्या लाकडाला तो वास नसतो.

घरातला धूप देवापुरता कधीच नव्हता. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातला ऊद आणि देवघरातला ऊद वाण्याच्या एकाच डब्यातून निघे. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीत ओवा, वावडिंग आणि ऊद टाकून धुरी देत आणि त्याचे ओले केस तिच्यावर सुकवत. तिन्हीसांजेला डासांसाठी गोठ्यातही धूर करत. बाळाच्या नाकातोंडात धूर जाऊ नये असे डॉक्टर आता बजावतात आणि ते योग्यच आहे.

निखारा गेल्यावर उदबत्तीचे फावले, कारण तिचा विस्तव तिच्याबरोबरच असतो. बांबूच्या काडीवर थापलेली कोळशाची पूड धुमसत राहते आणि सुगंधाला हवी तेवढी आच पुरवते. विसाव्या शतकात म्हैसूर-बंगळूरला हा धंदा वाढला, तेव्हा तिकडून मिरजेमार्गे पुण्याला जाणारी रेल्वे तयारच होती. पुढे स्टोव्ह आला, गॅस आला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर अनेक खेड्यांतल्या चुलीही मागील दारी गेल्या. अलीकडचे धूपकप म्हणजे याच अडचणीवरची तोड आहे: कपाचे कवच पेटून निखारा होते आणि आतला ऊद त्यावर तापतो. वास पुष्कळदा अत्तराचाच येतो, हे मान्य करावे लागेल.

खऱ्या उदाची आवड असलेली घरे अजून आहेत. गौरींच्या दिवसांत किराणा दुकानातून उदाची पुडी येते आणि नारळाच्या करवंटीचा तुकडा सांडशीत धरून गॅसच्या बर्नरवर लाल होईपर्यंत तापवला जातो.