व्हॅली परेडवरचे स्वस्त सीझन तिकीट: पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड सिटी या फुटबॉल क्लबने २००७-०८ च्या मोसमासाठी प्रौढ प्रेक्षकाचे सीझन तिकीट, म्हणजे घरच्या सगळ्या साखळी सामन्यांचा पास, १३८ पौंडांना विकायला काढले. साखळीतले २३ सामने घरच्या मैदानावर होतात, तेव्हा एका सामन्याला बरोबर सहा पौंड पडत होते. सहाच वर्षांपूर्वी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, खेळलेला हा क्लब त्या मोसमात चौथ्या श्रेणीत, म्हणजे व्यावसायिक साखळीच्या तळाच्या पायरीवर उतरत होता. अशा वेळी दर अर्ध्यावर आणणे बाहेरून पाहणाऱ्याला चाहत्यांवर केलेला उपकार वाटेल. पण या निर्णयामागे रिकाम्या खुर्च्यांचा हिशेब होता, आणि त्या खुर्च्या आल्या कुठून हे कळण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

ब्रॅडफर्ड हे यॉर्कशायरमधले लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तिथे आधी जोर रग्बीचा होता. मॅनिंगहॅम नावाच्या रग्बी क्लबने १९०३ मध्ये आर्थिक ओढाताणीमुळे खेळच बदलला आणि व्हॅली परेड या आपल्या मैदानासह तो फुटबॉलकडे वळला. एकही सामना खेळण्याआधी या नव्या क्लबला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, कारण रग्बीच्या बालेकिल्ल्यात पाय रोवण्याची लीगलाही घाई होती. १९११ मध्ये क्लबने न्यूकॅसलला हरवून एफए कप ही देशभरच्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. तो करंडक त्याच वर्षी नव्याने घडवलेला होता आणि तो ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी या पेढीने घडवला होता, हा योगायोग तिथले लोक अजून सांगतात. त्यानंतर मोठा चषक क्लबच्या हाती लागलेला नाही. शहरातला दुसरा क्लब, ब्रॅडफर्ड पार्क ॲव्हेन्यू, १९७० मध्ये मतदानाने लीगबाहेर काढला गेला आणि १९७४ मध्ये गुंडाळला गेला. जेमतेम १५ किलोमीटरवर लीड्स युनायटेडसारखा बडा क्लब असताना सिटीकडे राहिलेला प्रेक्षक हा यशाच्या मागे जाणारा नव्हता. तसा प्रेक्षक केव्हाच लीड्सला गेला होता.

त्या काळात सीझन तिकीट ही सामान्य प्रेक्षकाची गोष्टच नव्हती. छपराखालच्या आसनांवर बसणारे व्यापारी, गिरणीमालक, डॉक्टर वर्षाचे पैसे आगाऊ भरत. कामगार शनिवारी दुपारी फिरत्या फाटकाशी रोख पैसे देऊन आत शिरायचा आणि उतरत्या पायऱ्यांवर उभा राहून सामना पाहायचा. संघ हरू लागला की तो पुढच्या शनिवारी यायचा नाही, आणि क्लबला ते त्याच दिवशी गल्ल्यात दिसायचे. १९८३ पर्यंत या गल्ल्यातला वाटा पाहुण्या संघालाही मिळत असे. त्या वर्षी मोठ्या क्लबांच्या आग्रहाने ती पद्धत बंद झाली आणि साखळी सामन्याचे सगळे उत्पन्न यजमानाकडे राहू लागले. ज्याचे मैदान मोठे त्याची कमाई मोठी, हे समीकरण तेव्हापासून पक्के झाले. योगायोग असा की त्याच १९८३ मध्ये ब्रॅडफर्ड सिटी दिवाळखोरीत निघाला आणि स्टॅफर्ड हेगिनबॉथम व जॅक टॉर्डॉफ या दोघांनी तो वाचवला.

११ मे १९८५ हा दिवस वगळून या क्लबविषयी काहीच लिहिता येत नाही. तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळाल्याचा करंडक त्या दिवशी लिंकन सिटीविरुद्धच्या सामन्याआधी संघाला देण्यात आला. सामना चालू असताना लाकडी मुख्य स्टँडखाली वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि काही मिनिटांत १९०८ सालचे ते सगळे बांधकाम जळून गेले. ५६ माणसे मेली, दोनशेंहून अधिक जखमी झाली. मोसम संपताच ते छप्पर बदलायचे ठरले होते आणि त्यासाठी पोलादही आणून ठेवलेले होते. त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला आणि १९८६ च्या डिसेंबरात व्हॅली परेडवर परतला. वडील, भाऊ, शेजारी त्या स्टँडमध्ये गमावलेल्या कुटुंबांचा या मैदानाशी जो संबंध आहे तो तिकिटाच्या दराने जडलेला नाही, आणि दर वाढला म्हणून तो तुटेल असेही नाही. एकनिष्ठ चाहत्याला हवा तो दर लावता येतो, हा मोह क्लबचालकांना याच कारणाने पडतो.

आगीनंतर चार वर्षांनी, १९८९ मध्ये, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. तिथल्या बळींची संख्या आज ९७ मानली जाते. न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालाने वरच्या श्रेणींमधली मैदाने पूर्णपणे आसनांची करायला सांगितली. उभे राहणाऱ्या प्रेक्षकाला परवडेल असा दर आसनांनाही ठेवता येईल, असे त्याच अहवालात म्हटले होते, आणि त्यासाठी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा दाखला दिला होता: उभे राहायला चार पौंड, बसायला सहा. क्लबांनी आसने बसवली, दराचे वाक्य मात्र सोयीस्करपणे विसरले. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि पुढच्या वीसेक वर्षांत लंडनच्या आर्सेनलचे सर्वांत स्वस्त सीझन तिकीटसुद्धा हजार पौंडांच्या वर गेले.

आसने आली तसे सीझन तिकीट सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचले. जागा ठरलेली, नंबर ठरलेला, शेजारी ठरलेले. मुंबईच्या लोकलचा पास काढणाऱ्याला हे लगेच उमजेल: पैसे आधी भरले की आजचा प्रवास परवडतो का, हा प्रश्न रोज पडत नाही. क्लबच्या बाजूने पाहिले तर त्याचा खरा उपयोग उन्हाळ्यात असतो. मे ते ऑगस्ट सामने नसतात, गल्ला बंद असतो, आणि खेळाडूंचे पगार मात्र दर महिन्याला द्यावेच लागतात. लहान क्लबांना त्या तीन महिन्यांत तारून नेणारा पैसा हा बहुतांशी सीझन तिकिटांचा असतो. चाहता अशा रीतीने क्लबला बिनव्याजी कर्जच देत असतो, तेही पुढचा संघ कोणता असेल हे माहीत नसताना.

ब्रॅडफर्डमध्ये या व्यवस्थेचा फुगा कसा फुगला आणि फुटला, ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी दिसले. अध्यक्ष जेफ्री रिचमंड यांच्या कारकिर्दीत मैदान वाढत गेले आणि १९९९ मध्ये प्रशिक्षक पॉल ज्युएलच्या संघाने वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये ३-२ असा विजय मिळवून प्रीमियर लीग गाठली. पहिल्या वर्षी अखेरच्या सामन्यात लिव्हरपूलला १-० हरवून संघ कसाबसा टिकला. डेव्हिड वेदरॉलने हेडरने केलेला तो गोल क्लबला फार महागात पडला, असे मला वाटते. खाली घसरले असते तर हात आखडला असता. टिकल्यामुळे त्या उन्हाळ्यात बेनिटो कार्बोनेसारखा खेळाडू आठवड्याला सुमारे ४० हजार पौंडांवर आणला गेला आणि मुख्य स्टँडवर आणखी एक मजला चढला. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, संघ तळाला राहून खाली आला. २००२ मध्ये खालच्या श्रेणींचे प्रक्षेपण करणारी आयटीव्ही डिजिटल कंपनी बुडाली आणि कर्जबाजारी क्लब न्यायालयीन प्रशासकाच्या ताब्यात गेला. २००४ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. दरम्यान २००३ मध्ये व्हॅली परेडचे मैदान विकले गेले. घेणारा होता तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन गिब यांच्या कुटुंबाचा पेन्शन फंड. ज्या जमिनीवर क्लब जन्मला तिथे तो भाडेकरू झाला.

२००४ च्या उन्हाळ्यात क्लब बंद पडणार अशी चिन्हे असताना चाहत्यांनी डबे फिरवले, निधी गोळा केला आणि क्लब जगवला. तरीही दोन-तीन वर्षांत प्रेक्षकसंख्या ओसरत गेली आणि २००६-०७ मध्ये सरासरी नऊ हजारांच्याही खाली आली. निधीला पैसे देणारा माणूस सामन्याला का येत नव्हता? एकतर संघ घसरत चालला होता. शिवाय दर अजूनही वरच्या श्रेणीची आठवण ठेवून लावलेले होते. २५ हजार आसनांच्या मैदानात सोळा हजार खुर्च्या मोकळ्या दिसल्या की आलेल्यालाही बसवत नाही.

क्लबचे सूत्रधार ज्युलियन ऱ्होड्स यांनी १३८ पौंडांचा दर आणला तो इथे. रिकाम्या खुर्चीतून शून्य पौंड मिळतात, तेव्हा सहा पौंड हा तोटा कसा, असा साधा युक्तिवाद होता. त्याच उन्हाळ्यात मार्क लॉन हे सहअध्यक्ष म्हणून भांडवल घेऊन आले, आणि १९८५ च्या संघातला लाडका खेळाडू स्टुअर्ट मॅकॉल प्रशिक्षक म्हणून परतला. परिणाम असा झाला की चौथ्या श्रेणीत उतरूनही सरासरी प्रेक्षकसंख्या तेरा हजारांपलीकडे गेली, तेव्हा त्या श्रेणीची सर्वसाधारण सरासरी चार-साडेचार हजारांच्या घरात होती. पुढच्या वर्षी तर ठरावीक संख्येने प्रौढांची तिकिटे खपली तर प्रत्येक खरेदीदाराला दुसरे तिकीट फुकट, अशी अट घालून विक्री झाली. चाहत्यांनी एकमेकांना गळ घालून ती संख्या गाठली. क्लबच्या विक्रीचे काम प्रेक्षकच करू लागले होते.

या आकड्यांत एक मेख आहे, ती सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये जाहीर होणाऱ्या प्रेक्षकसंख्येत सीझन तिकीटधारक धरलेला असतो, मग तो आलेला असो वा नसो. इतके स्वस्त तिकीट असले की जानेवारीतल्या मंगळवारच्या रात्री घरी बसण्याचे वाईटही वाटत नाही. त्यामुळे फलकावरचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारी गर्दी यांत फरक पडे, आणि समालोचक त्यावर शेरे मारत. शिवाय स्वस्त तिकिटाने संघ सुधारला असेही नाही. बढतीची आशा घेऊन सुरू झालेले मोसम एकामागून एक वाया गेले, २०१० मध्ये मॅकॉलही गेला आणि क्लब तब्बल सहा वर्षे चौथ्या श्रेणीत अडकून पडला. पण त्या सहा वर्षांत प्रेक्षक पांगला नाही. माझ्या मते दराचे खरे श्रेय एवढेच, आणि ते थोडे नाही.

२०१२-१३ मध्ये त्याचे फळ दिसले. प्रशिक्षक फिल पार्किन्सनच्या संघाने लीग कप या दुसऱ्या बाद स्पर्धेत विगन, आर्सेनल आणि ॲस्टन व्हिला अशा तीन प्रीमियर लीग संघांना बाद केले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर अंतिम सामना खेळला. स्वान्सीने ५-० ने धुव्वा उडवला, तरी मे महिन्यात त्याच मैदानावर नॉर्थॅम्प्टनला ३-० हरवून संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. जानेवारी २०१५ मध्ये एफए कपमध्ये चेल्सीविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून ४-२ असा विजय मिळाला, तोही चेल्सीच्या मैदानावर. असा विजय मिळाला की क्लब सहसा दर चढवतात. ब्रॅडफर्डने २०१५-१६ साठी प्रौढांचे तिकीट १४९ पौंडांना लावले.

हा दर सोडवून पाहण्यासारखा आहे. १४९ पौंडांतून वीस टक्के मूल्यवर्धित कर वजा केला की उरतात सुमारे १२४ पौंड. ते २३ सामन्यांवर वाटले तर एका माणसामागे क्लबच्या हाती सामन्याला ५ पौंड ४० पेन्स येतात, त्यातून पोलीस बंदोबस्त, सुरक्षारक्षक, वीज आणि मैदानाचे भाडे. हे गणित मोठ्या संख्येवरच बसते, आणि संख्या मिळाली: त्या वर्षी सरासरी १८ हजारांपुढे गेली, २०१७-१८ मध्ये ती वीस हजारांच्या जवळ पोहोचली. शेजारच्या हडर्सफील्डने वेगळी वाट काढली होती. तिथले अध्यक्ष डीन हॉइल यांनी सलग सीझन तिकीट घेत राहणाऱ्या जुन्या चाहत्यांना शब्द दिला होता, की क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला तर त्यांना तिकीट १०० पौंडांना मिळेल. २०१७ मध्ये क्लब खरोखरच वर गेला आणि शब्द पाळला गेला. हडर्सफील्डने निष्ठेची वर्षे मोजली, ब्रॅडफर्डने कालपर्यंत न आलेल्यालाही तोच दर दिला. गिरण्या बंद पडलेल्या, दक्षिण आशियातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या शहरात ही दुसरी पद्धत अधिक शहाणपणाची होती, कारण मैदानाभोवतीच्या गल्ल्यांत राहणाऱ्या अनेकांना दाखवायला जुनी वर्षे नव्हतीच.

२०१६ मध्ये लॉन आणि ऱ्होड्स यांनी क्लब श्टेफान रुप व एडिन राहिच या जर्मन मालकांना विकला. २०१७ मध्ये वेम्ब्लीवर बढतीचा अंतिम सामना मिलवॉलविरुद्ध एका गोलाने गेला. प्रशिक्षक म्हणून परतून आलेल्या मॅकॉलला पुढच्या वर्षी काढले गेले, आणि २०१९ मध्ये संघ तळाला राहून चौथ्या श्रेणीत परतला. २००७ ची पुनरावृत्ती म्हणावी अशी ही स्थिती होती, फक्त या वेळी प्रेक्षक गेला नाही. चौथ्या श्रेणीतही सरासरी १४ हजारांच्या आसपास राहिली आणि पुढे १७ हजारांपर्यंत चढली, तिकीट मधल्या काळात महागले असूनही. ३ मे २०२५ रोजी फ्लीटवुडविरुद्ध भरपाईच्या वेळेत, ९६ व्या मिनिटाला, गोल झाला आणि क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला.

मैदान मात्र अजून क्लबचे नाही. २००३ मध्ये झालेला भाडेकरार २५ वर्षांचा आहे, म्हणजे तो २०२८ मध्ये संपतो. त्यानंतर भाडे काय ठरते किंवा मैदान परत विकत घेता येते का, यावर पुढच्या सीझन तिकिटाचा दर संघाच्या श्रेणीपेक्षाही जास्त अवलंबून राहील.